दोनदा चिकटवलेली पाकिटं

चार दिवसांच्या रजेवर कुल्डिगाला आलोय,
त्यातला एक विमानात गेला, एक झोपेत.
आज आईच्या स्वयंपाकघरात, टेबलावर
माझा जुना लॅपटॉप उताणा पडलाय.
शेजारी बीटाचा वाडगा, तिचा चष्मा,
आणि काकड्यांच्या बरणीला टेकवून ठेवलेला पेनड्राइव्ह.

फेब्रुवारीत तिला बँकेतून म्हणून फोन आला होता.
बाई फार गोड बोलली, नावानं हाक मारत होती,
वेल्ता, घाबरू नका, मी आहे.
तीनशे चाळीस युरो.
आई तो आकडा उच्चारत नाही.
नुसतं 'त्या बाईकडचं' म्हणते,
शेजारी गेलेल्या भांड्याबद्दल म्हणावं तसं.

सगळं पुसून टाकलं मी.
लिनक्स बसवलं. अक्षरं मोठी केली,
मग तिचा चेहरा बघून आणखी मोठी.
पडद्यावर तीनच चित्रं: पत्रं, बँक आणि मी.
जाहिराती बंद. अपडेट रात्री, आपोआप, न विचारता.
तिच्या खात्यातून नवीन काही बसणारच नाही.
बसवायचं तर दुसरा पासवर्ड लागणार
आणि तो माझ्याकडे, लिमरिकला.
झालं, म्हणालो. आता तू काही बिघडवायचं म्हटलंस
तरी बिघडणार नाही.

ती हात पुसत समोर बसली.
मी शिकवायला लागलो: अनोळखी लिंक,
घाई करणारी पत्रं, न मागता लागलेली बक्षिसं...

"इंत," तिनं मध्येच तोडलं,
"सहा वर्षांचा होतास. पाइनच्या रानातून
एक पांढरी, देखणी अळंबी धावत घेऊन आलास.
मी काय म्हणाले होते?"
ओळख नाही ते टोपलीत नाही.
"आणि ओळखीचं वाटलं तर?"
तर उपटायचं नाही. माती उकरून
आधी बुडखा बघायचा.
"हं. फोनवर बुडखा दिसत नाही.
एवढंच झालं त्या दिवशी."

मी गप्प. एका वाक्यात माझी पूर्ण दुपार.

मग चहा ओतता ओतता, सहज:
"दुसरा पासवर्ड कुणाकडे म्हणालास?"

एकतीस वर्षं ती पोस्टात पत्रं निवडायची.
टोरांटोहून आउस्त्रामावशीची यायची,
घडी एका केसानं चुकलेली,
पाकिटाचा डिंक दोनदा वाळलेला.
बोटाला कळायचं. सगळ्यांच्याच बोटांना कळायचं.
कुणी बोलत नसे.

"तेसुद्धा म्हणायचे, तुमच्याच सुरक्षेसाठी," आई म्हणाली.
रागानं नाही. साखर हवी का, त्याच आवाजात.
"तू चांगला मुलगा आहेस.
पण पाकीट माझं आहे."

सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं.
जोखीम, परवानग्या, अडीच हजार किलोमीटर,
आणि पुन्हा ती बाई आली तर?
बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली,
त्याचा आवाज झाला.
मी कागद मागितला.

चार शब्द, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले.
इथे सांगत नाही, तेवढं शिकलोय.
तिनं ते दोनदा वाचले, एका शब्दाला हसली,
कागद पाकिटात घातला, कड जिभेवरून फिरवली,
आणि अंगठ्यानं दाबत नेली,
डावीकडून उजवीकडे, एकदाच.
पाकीट गेलं सुक्या अळंब्यांच्या बरणीत.
"आता तुला हवा असला," म्हणाली,
"तर मला विचार."

रिगाच्या विमानतळावर, बूट काढायच्या रांगेत,
तिचं पहिलं पत्र आलं. प्रचंड अक्षरं,
वरती तारीख, वेळ आणि गावाचं नाव,
शिक्का मारल्यासारखं:

पोचलास का. इथे सगळं चालू आहे.
काही बिघडवलेलं नाही.
अजून.